पार्किंगमध्ये तळं आणि बोअर कोरडी : बिघाड एकच आहे, तो कसा शोधायचा

पहिला मोठा पाऊस पडला की माझा फोन सुरू होतो. मांजलपूर, गोत्री, समा, कारेलीबाग, कुठूनही येतो, आणि बोलणं जवळजवळ तेच असतं, की ताई दोन वर्षांपूर्वीच तर सगळीकडे पेवर ब्लॉक बसवून घेतले, पैसे पण चांगले घातले, आणि आता तासभर पाऊस झाला की पार्किंगमध्ये घोट्यापर्यंत पाणी. आणि हीच सोसायटी मार्च-एप्रिलमध्ये टँकर मागवत असते. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून गेली चौदा वर्षं बडोद्यातच साइटवर काम करते, त्यात हे पार्किंगच्या पाण्याचं काम इतक्या वेळा केलंय की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं म्हटलं, म्हणजे फोन करायच्या आधी निम्मं तुम्हीच बघून घ्याल.

आधी लक्षणं. पाऊस थांबून दोन तास झाले तरी पाणी उभं आहे. किंवा पाणी पटकन जातं पण सगळं गेटमधून रस्त्यावर आणि तिथून शेजारच्या सोसायटीत. ब्लॉकच्या फटींमध्ये हिरवट काळं शेवाळ, चालताना पाय सरकतो. कंपाउंड वॉलला खालून फूटभर ओल. पार्किंगमधलं झाड पावसाळ्यात सुद्धा शेंड्याकडून वाळत चाललंय. पावसाच्या पहिल्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे तेलाचे रंग. आणि बोअरची मोटर उन्हाळ्यात दर वर्षी थोडी आणखी खाली सोडावी लागते. यातली तीन जरी तुमच्याकडे असतील तर पुढचं वाचा.

लोक याला तीन वेगळे प्रॉब्लेम समजतात, पाण्यासाठी प्लंबर, झाडासाठी माळी, बोअरसाठी बोअरवाला, आणि तिघांचे पैसे वेगवेगळे देतात. माझ्या अनुभवात हा एकच बिघाड आहे, जमिनीचं तोंड बंद झालंय. हिशेब सोपा आहे, एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तुमचं पार्किंग ५०० चौरस मीटर असेल आणि एका संध्याकाळी ५० मिमी पाऊस झाला, जो आपल्याकडे जुलैमध्ये काही नवलाचा नाही, तर २५ हजार लिटर झालं, म्हणजे दहा हजारवाले अडीच टँकर. मोकळी माती आणि गवत असतं तर त्यातला मोठा हिस्सा तिथेच मुरला असता. काँक्रीट आणि डांबरावरून त्यातलं ८० ते ९५ टक्के वाहून जातं. म्हणजे टँकर तुमच्या दारात आला होता, तुम्ही त्याला बाहेर काढून दिलात आणि उन्हाळ्यात तोच विकत घेतलात.

आता तपासणी. फुकटचं आधी आणि खर्चाचं शेवटी, हा क्रम मोडू नका, कारण मी अशा सोसायट्या पाहिल्यात जिथे लाखभर घालून नवी पाइपलाइन टाकली आणि मूळ कारण जाळीत अडकलेली गुटख्याची पाकिटं होती.

तर पहिलं काम झाडू. खरंच. पार्किंगमध्ये जेवढ्या जाळ्या आहेत त्या उचला, नुसतं वरून बघू नका. जाळीखालच्या चेंबरमध्ये तळाशी गाळ किती आहे ते काठी घालून बघा, पाईपच्या तोंडापर्यंत गाळ आला असेल तर जाळी कितीही स्वच्छ असली तरी उपयोग नाही. हे मे महिन्यात करायचं आणि पहिल्या पावसानंतर परत एकदा, कारण वर्षभराची धूळ, आसोपालवची पानं आणि प्लास्टिक हे सगळं पहिल्या पाण्याबरोबर येऊन बसतं. यात एक लक्षात ठेवा, काढलेला गाळ रस्त्याच्या गटारात ढकलू नका, कचऱ्याच्या गाडीत द्या. तो नुसता चिखल नसतो, त्याचं पुढे सांगते.

दुसरं काम पण फुकट आहे, फक्त भिजावं लागतं. पाऊस चालू असताना छत्री घेऊन खाली या आणि पाणी कुठून येतंय, कुठे जातंय ते डोळ्यांनी बघा. मोबाईलवर व्हिडिओ घ्या, आणि पाऊस थांबला की डबक्याच्या कडेने खडूने रेघ मारून ठेवा, अर्ध्या तासाने परत रेघ, मग परत. रेघा जवळजवळ असतील तर पाणी मुरतच नाहीये, लांब लांब असतील तर मुरतंय पण हळू. हे एवढ्यासाठी महत्त्वाचं की दहातल्या सहा-सात ठिकाणी पाणी पार्किंगचं नसतंच, ते गच्चीचं असतं. गच्चीचे चार इंची पाईप खाली येऊन सरळ ब्लॉकवर सोडलेले असतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ३०० चौरस मीटरची गच्ची, आपल्याकडे वर्षाला ९०० मिमीच्या आसपास पाऊस, म्हणजे गळती-बिळती सोडून दोन लाख लिटरच्या वर पाणी, आणि ते सगळं एका कोपऱ्यात पडतंय. ते पाणी तसं स्वच्छ असतं आणि आपण त्याला खाली आणून तेलात मिसळतो. पाईपचं तोंड वळवून बागेत सोडायला एक एल्बो आणि थोडा पाईप लागतो, बस.

आता फटी. मला यावर जरा जास्त लिहायचंय कारण खरा दोष बहुतेक वेळा इथे असतो. पेवर ब्लॉक पाणी पितात असं सगळ्यांना वाटतं. ब्लॉक स्वतः पाणी पीत नाही, साधा ब्लॉक म्हणजे दाबून केलेलं घट्ट काँक्रीट. पाणी जातं ते दोन ब्लॉकमधल्या फटीतून, आणि ती फट जेमतेम तीन-चार मिमीची असते. एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि जिथे पाणी साठतं तिथली एक फट उकरा. चांगली फट असेल तर कोरडी करकरीत वाळू निघते. बिघडलेल्या फटीतून काळं लोण्यासारखं काहीतरी निघतं, बोटावर घेतलं तर चिकट, वास गॅरेजसारखा, आणि बोटांत चोळलं की मध्ये बारीक रबराचे कण हाताला लागतात. ते टायरचं झिजलेलं रबर आहे, ब्रेकची धूळ आहे, इंजिनचं तेल आहे आणि आपली बडोद्याची बारीक माती आहे, आणि हे चारही एकत्र झालं की फट बुचासारखी बंद होते.

टेस्ट करायची असेल तर घरात सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, १५ किलोचा रिकामा डबा असतोच. त्याचं वरचं झाकण आणि तळ दोन्ही कापून घ्या, कडा धारदार होतात तेव्हा पक्कड लावून दुमडा. डबा ब्लॉकवर उभा करा, बाहेरून खाली चिकणमातीचा थर दाबून लावा म्हणजे बाजूने गळणार नाही, आणि आत ५ सेंटिमीटर पाणी भरा. पहिलं पाणी मोजू नका, कोरडी फट ते पिऊन टाकते आणि तुम्हाला वाटतं सगळं छान आहे. दुसऱ्यांदा भरा आणि घड्याळ लावा. ५ सेंटिमीटर पाणी ४० मिनिटांत गेलं तर ती जागा तासाला ७५ मिमी पाऊस घेऊ शकते, म्हणजे पास. अर्ध्या तासात पाणी नखभर पण हललं नाही तर फटी बंद आहेत नाहीतर खाली काँक्रीट आहे. तीन-चार ठिकाणी करा, गाड्या उभ्या राहतात तिथे आणि राहत नाहीत तिथे पण. फरक बघून तुम्हीच समजाल.

फटी बंद निघाल्या तर दोन माणसं लावून जुनी वाळू अर्धा-पाऊण इंच उकरून काढायची, कडक झाडूने साफ करायचं आणि परत भरायचं. अरुंद फट असेल तर चाळलेली जाडसर वाळू, आणि आठ-दहा मिमीची रुंद फट असेल तर धुतलेली बारीक ग्रिट, २ ते ५ मिमीची. दगडाची डस्ट भरू नका, स्वस्त पडते पण एका पावसात सिमेंटसारखी बसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फटीत गवत येतं म्हणून वरून सिमेंटचं पाणी फिरवून घेऊ नका. हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो एकदम साफ दिसेल, आणि दिसतं पण साफ, आणि त्या दिवसापासून ती जमीन मेली असं समजा. गवत आलं तर येऊ द्या, ते मुळांनी फट मोकळी ठेवतं.

यानंतरची तपासणी बहुतेक लोकांना माहीतच नसते. तुमच्या बिल्डिंगचा पास झालेला नकाशा काढा, चेअरमनच्या फाइलमध्ये असतो. गेल्या काही वर्षांतली स्कीम असेल तर त्यात बरेचदा परकोलेटिंग वेल दाखवलेली असते, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत सोडायची विहीर. आता खाली जाऊन ती शोधा. गोत्रीकडच्या एका सोसायटीत अकरा वर्षं पाणी तुंबत होतं, आम्ही नकाशावरून टेपने मोजत गेलो आणि बरोबर लिफ्टच्या समोर चौथ्या रांगेत ब्लॉक उचलले तर खाली लोखंडी झाकण. ब्लॉक बसवणाऱ्यांनी विहिरीवरूनच फरशी घातली होती, कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. तिथल्या एक आजी जिन्यात उभ्या राहून बघत होत्या, म्हणाल्या, "अगं हे तर आम्ही राहायला आलो तेव्हा होतं, मला वाटलं काढून टाकलं." झाकण उघडल्यावर आत उतरू मात्र नका, डोकावू पण नका नाक लावून. बंद विहिरीत प्राणवायू कमी असतो आणि माणूस दोन मिनिटांत जातो. आतली साफसफाई ज्यांच्याकडे सामान आहे त्यांच्याकडूनच करून घ्यायची.

तेलाचं आता. गाडी हलवली की खाली काळा डाग आहे का बघा, शंका असेल तर रात्री खाली पुठ्ठा ठेवा, सकाळी कुठून टपकतंय ते कळेल. मेकॅनिककडे एक वॉशर बदलून काम होतं. पार्किंग धुतलं की डाग जातो असं वाटतं, पण तो फक्त जागा बदलतो, पाण्याबरोबर गटारात आणि गटारातून विश्वामित्री नदीत. टायरच्या धुळीचं पण तसंच. २०२० मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या संशोधकांनी शोधून काढलं की पाऊस पडला की तिथले कोहो सॅमन मासे अंडी घालायच्या आधीच का मरतात, तर टायर लवकर खराब होऊ नये म्हणून रबरात घालतात ते ६पीपीडी नावाचं रसायन हवेतल्या ओझोनशी मिळून दुसरंच विष बनतं आणि रस्त्यावरून नाल्यात येतं. वर्षानुवर्षं तिथे मासे मरत होते आणि कारण रस्त्यावर पडलं होतं. आपल्या नदीत सॅमन नाहीत, पण मगरी आहेत, कासवं आहेत, आणि गावाच्या मधोमध अशा मगरी राहणारी नदी किती शहरांना आहे सांगा. म्हणून म्हटलं जाळीतला गाळ परत गटारात ढकलू नका.

एक आणखी गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. नाल्यांचा अभ्यास करणारे सांगतात की एखाद्या ओढ्याच्या पाणलोटात १० टक्के जमीन जरी पक्की झाली तरी ओढ्याची तब्येत बिघडायला लागते आणि २५ टक्क्यांच्या पुढे गेली की फारच. एक गाडी उभी करायला साडेबारा चौरस मीटर लागतात, यायला-जायला वाट धरली तर पंचवीस-तीस. तुमच्या सोसायटीत चाळीस गाड्या असतील तर तुम्हीच करा हिशेब.

इथपर्यंत सगळं मिळून फार खर्च होत नाही. यापुढे कडिया, म्हणजे गवंडी लागतो.

उतार बघायचा. पारदर्शक लेव्हल पाईप घ्या, पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, एक टोक डबक्यापाशी आणि दुसरं जाळीपाशी धरा. दहा मीटरला निदान दहा सेंटिमीटर ढाळ पाहिजे. पण मी ढाळ किती यापेक्षा ढाळ कुठे हे आधी बघते. सगळ्यांचा ढाळ गेटकडे असतो, म्हणजे पाणी लवकरात लवकर रस्त्यावर. रस्त्याचा ढाळ गटाराकडे, गटाराचा नदीकडे, आणि सगळ्या गावाचं पाणी एकाच तासात नदीत. पूर्वी तेच पाणी दोन दिवस मातीतून झिरपत जायचं.

ब्लॉक न काढता याला एक स्वस्त उपाय आहे आणि तो मी पहिला सुचवते. कंपाउंडच्या कडेने जे बागेचे वाफे असतात ते बघा, नव्वद टक्के ठिकाणी वाफा पार्किंगपेक्षा फूटभर उंच, विटांची पाळ बांधलेली, आत माती भरलेली. म्हणजे वाफ्यातली माती पार्किंगवर वाहून येते आणि पार्किंगचं पाणी वाफ्यात जात नाही. उलटं पाहिजे. वाफ्यातली माती काढून पार्किंगपेक्षा सहा इंच खाली न्या, पाळीला दर दोन मीटरवर दोन विटांएवढी खांड पाडा, आणि आत अळू, कर्दळ, गवती चहा असं काहीतरी लावा ज्याला पाणी चालतं. तेल आणि धूळ वरच्या मातीतच अडकते, पाणी गाळून खाली जातं. हात-पाय धुवायच्या जागेशेजारी जशी कर्दळ असायची ना जुन्या वाड्यात, तीच अक्कल आहे ही, पाणी नेऊन झाडाला द्यायचं. गवती चहा मात्र या वाफ्यातला प्यायचा नाही, गाड्यांचं पाणी आहे ते.

झाडाचं. बडोदं हे नाव वटोदरावरून आलं म्हणतात, वडाच्या पोटातलं गाव, आणि आज गावात फिरा आणि झाडांचे गळे बघा. मागच्या वर्षी एका पार्किंगमधल्या कडुनिंबाभोवतीचे ब्लॉक काढले, बुंधा ब्लॉकच्या कडेवर असा फुगून आला होता जशी घट्ट बांगडी हातात रुतते, ब्लॉक निघाला तेव्हा सालीवर त्याची चौकोनी खूण होती. खाली मुळं जमिनीत जायच्या ऐवजी ब्लॉकच्या तळाला चिकटून चटईसारखी पसरली होती, फटीतून जेवढी हवा येईल तेवढी घ्यायला. मुळांना पाणी लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, हवा लागते हे कुणी लक्षात घेत नाही. निदान बुंध्यापासून चारी बाजूंनी एक मीटर मोकळं करा, २०१३ मध्ये हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांसाठी हेच अंतर सांगितलं होतं. हाताने काढा, ब्रेकर लावू नका. करंगळीपेक्षा जाड मूळ कापू नका आणि बुंध्याला टेकवून नवी माती भरू नका. आणि हे नुसतं झाडासाठी नाही, मे महिन्यात डांबर ६० अंशांच्या वर तापतं आणि रात्री दहापर्यंत ती उष्णता सोडत राहतं, पहिल्या मजल्यावरच्या लोकांना विचारा. त्या झाडाची सावली गेली की एसी वाढतात.

हे सगळं करून पाणी उभंच राहिलं तर ब्लॉक उचलून खाली बघायचं. एक चौरस मीटर पुरे. नियमाने ब्लॉकखाली इंचभर वाळू आणि तिच्याखाली कपचीचा थर पाहिजे. मी उभी होते आणि कडियाने पहार मारली तर खणखण आवाज, तो म्हणाला, "बेन, नीचे तो आखुं पाकुं छे." म्हणजे खाली पूर्ण पीसीसी, चार इंच काँक्रीट आणि त्यावर नुसते शोभेला ब्लॉक. असं असेल तर फटी कितीही साफ करा, पाणी खाली जाऊच शकत नाही, ते वाळूत साठतं आणि ब्लॉक डुगडुगतात. यावर दोन रस्ते आहेत, सगळं उखडणं, किंवा कडेने दोन फुटांची एक पट्टी कापून तिथे शोषचर करणं. मी बहुतेक पट्टी सांगते. दोन-अडीच फूट खोल, तळाला मोठी कपची, मग बारीक, वर जाड वाळू, आणि जास्तीचं पाणी जायला एक पाईप गटाराला जोडलेला ठेवायचाच.

पण खणायच्या आधी माती बघा. फूटभर खड्डा करून पाणी भरा, जिरू द्या, परत भरा आणि तासाभराने पट्टी धरून मोजा. तासाला सेंटिमीटरभर पण खाली गेलं नाही तर खाली चिकणमाती आहे, चर नुसता हौद होऊन बसेल. इथे थांबा, माती तपासणारा इंजिनिअर बोलवा, कारण खाली वाळूचा थर किती खोलीवर आहे हे बोअरच्या नोंदीवरून तोच सांगू शकतो. काळी माती असेल तर जास्तच, ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, तिच्यावर उभ्या पायाच्या शेजारी पाणी मुरवलं तर भिंत तडकते. बिल्डिंगच्या पायापासून निदान तीन मीटर लांब, आणि जुन्या खाळकुव्यापासून, म्हणजे सांडपाण्याच्या शोषखड्ड्यापासून, जेवढं लांब जमेल तेवढं.

एक गोष्ट कुणी कितीही सांगितली तरी करू नका, पार्किंगचं पाणी सरळ बोअरमध्ये सोडू नका. एका ठिकाणी कॉन्ट्रॅक्टरने हेच करून दिलं होतं, सगळे खूश, पाणी दहा मिनिटांत गायब, आणि दिवाळीपर्यंत बोअरच्या पाण्याला रॉकेलसारखा वास यायला लागला. मातीतून जाताना पाणी गाळलं जातं, बोअरच्या पाईपमधून जाताना नाही, ती घाण थेट आजूबाजूच्या सगळ्यांच्या पाण्यात जाते आणि परत काढता येत नाही. बोअरमध्ये फक्त गच्चीचं पाणी, ते पण फिल्टरमधून आणि पहिल्या दोन पावसांचं सोडून. आणि वास आधीच येत असेल तर ते पाणी प्यायचं बंद करा, लॅबमध्ये द्या, यात घरगुती उपाय नाही.

आणखी एक चूक दर वेळी होते. पाणी तुंबतं म्हणून जुन्या ब्लॉकवरच नवा थर टाकून पार्किंग उंच करतात. शेजारची सोसायटी मग त्यांचं उंच करते, रस्त्यावर पण जुनं डांबर न खरवडता थरावर थर येतो. शियाबागेत आमच्या जुन्या घराच्या ओटल्याला माझ्या लहानपणी तीन पायऱ्या होत्या, आम्ही त्यांच्यावर बसून पाच-तीन-दोन खेळायचो. आता एक आहे आणि ती पण अर्धी. घर तिथेच आहे, खाली गेलं नाही, रस्ता वर आला. उंच करायचंच असेल तर आधी जुनं काढा मग करा.

आता कुठे हात लावायचा नाही ते सांगते. पाणी मीटररूम किंवा लिफ्टच्या खड्ड्यात शिरलं असेल तर मेन बंद झाल्याशिवाय त्या पाण्यात पाय ठेवायचा नाही, आधी वीजवाले. बेसमेंटच्या कॉलमला तडा, गंजलेलं सळईचं टोक, किंवा ब्लॉक एकाच जागी परत परत खचत असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअर, कारण खाली फुटलेला पाईप माती वाहून नेत असू शकतो आणि वरून ब्लॉक नीट करत बसलात तर एक दिवस गाडीसकट जाईल. झाड कललेलं असेल किंवा बुंध्याला उभी चीर असेल तर गार्डन खात्याला कळवा, स्वतः फांदी पण तोडू नका. आणि चेंबरमधून पाणी आत जायच्या ऐवजी बाहेर येत असेल तर तुमचं पार्किंग दोषी नाहीये, नदी भरलीय आणि गटार उलटं वाहतंय.

३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिमी पडला, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा कुठलीही जाळी आणि कुठलाही चर कामाला आला नसता, ते मी खोटं सांगणार नाही. अशा वेळी गाड्या वर काढा, मेन बंद करा, वर जा. गढूळ पाण्यात उतरून जाळी उघडायला जाऊ नका, त्या दोन्ही पुरांत मगरी सोसायट्यांपर्यंत आल्या होत्या, आणि पाणी ओसरल्यावर पण जिन्याखाली, गाड्यांखाली काठीने लांबून बघून मगच मुलांना सोडा. दिसली तर वनखात्याला फोन, दगड मारायचा नाही, तिचं घर भरलंय म्हणून ती आलीय. पुराशिवाय सुद्धा दर पावसाळ्यात उलटं पाणी येत असेल तर गटाराच्या जोडावर एकाच बाजूने उघडणारा व्हॉल्व्ह बसवता येतो, पण तो ड्रेनेजच्या लेव्हल काढून, जाणत्या माणसाकडूनच.

कुणालाही बोलवायच्या आधी तीन गोष्टी हाताशी ठेवा, पावसातला व्हिडिओ, डब्याच्या टेस्टची मिनिटं जागेनुसार लिहिलेली, आणि नकाशाची झेरॉक्स. आणि येणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा, की पाणी जमिनीत कसं घालणार. तो जर फक्त पाईप किती इंची टाकायचा एवढंच बोलत राहिला तर त्याला चहा पाजा आणि दुसऱ्याला फोन लावा.